विश्लेषण : फाइल न उघडता पाहण्याची सोय कंपन्या का आवळत आहेत?

विंडोजचे १४ ऑक्टोबर २०२५ चे सुरक्षा अपडेट आल्यानंतर अनेकांच्या संगणकावर एक साधी गोष्ट बंद पडली. फाइल एक्स्प्लोररमध्ये पीडीएफवर एकदा क्लिक केले की उजवीकडच्या चौकटीत तिचे पहिले पान दिसायचे. आता तिथे पानाऐवजी इशारा येतो. ही फाइल संगणकाला हानी पोहोचवू शकते, फाइलवर आणि ती पाठवणाऱ्यावर विश्वास असेल तर उघडून पाहा, असा त्याचा आशय. दिवसाला पन्नास बिले किंवा अर्ज चाळणाऱ्या माणसाला वाटले की अपडेटने काहीतरी बिघडवले. प्रत्यक्षात मायक्रोसॉफ्टने हे जाणूनबुजून केले होते.

त्याच्या वर्षभर आधी, १६ सप्टेंबर २०२४ ला आलेल्या मॅकओएस सिक्वोयामध्ये अ‍ॅपलनेही असाच एक दरवाजा बंद केला. मॅकवर फाइल निवडून स्पेसबार दाबला की ती झटकन समोर येते. ही सोय स्वतःच्या गरजेप्रमाणे वाढवण्यासाठी डेव्हलपर मंडळी वर्षानुवर्षे जे छोटे प्लगइन वापरत होती, ते सगळे एका रात्रीत निकामी झाले. तिथे तर इशाराही आला नाही. स्पेसबार दाबल्यावर मजकुराच्या जागी नुसते कोरे चिन्ह दिसू लागले.

दोन वेगळ्या कंपन्या, दोन वेगळ्या पद्धती, पण दोघींची चिंता एकच आहे. फाइल ‘न उघडता’ पाहता येते ही समजूतच मुळात अर्धी खरी आहे.

प्रीव्ह्यू म्हणजे नेमके काय होते?

आपण फाइल उघडत नसलो तरी संगणक ती उघडतोच. पीडीएफचे पान, फोटोची छोटी प्रतिमा किंवा वर्डचा मजकूर दाखवायचा तर कोणत्या तरी प्रोग्रामला ती फाइल वाचावी लागते, तिची रचना समजून घ्यावी लागते आणि चित्र तयार करावे लागते. फरक इतकाच की हे काम अ‍ॅक्रोबॅट किंवा वर्डऐवजी एक लहानसा सहायक प्रोग्राम पडद्याआड करतो. विंडोजमध्ये अशा सहायकाला ‘प्रीव्ह्यू हँडलर’ म्हणतात. २००७ मध्ये व्हिस्टा बाजारात आली तेव्हापासून ही व्यवस्था आहे. अ‍ॅपलने त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला लेपर्ड या आवृत्तीसोबत ‘क्विक लुक’ आणले.

कोणत्या फाइलला कोणता सहायक, हे बहुतेक वेळा फाइलच्या प्रकारावरून ठरते आणि प्रकार नावाच्या शेपटीवरून. इथेच डेव्हलपरची गोची सुरू होते. फोटो, पीडीएफ, व्हिडिओ, एक्सेल हे सगळ्यांच्या कामाचे प्रकार असल्याने कंपन्यांनी त्यांची सोय स्वतःच केली. पण प्रोग्रामरच्या फोल्डरमध्ये वेगळाच संसार असतो. जेसन फाइली, मार्कडाऊनमध्ये लिहिलेल्या सूचना, लॉग, सीएसव्ही, कोडमधले बदल दाखवणाऱ्या पॅच फाइली, मोबाइल अ‍ॅपच्या सहीची माहिती असलेल्या प्रोव्हिजनिंग फाइली. मेकफाइल किंवा रीडमीसारख्या काही फाइलींना तर शेपटीच नसते. मॅकला यातल्या बऱ्याच फाइली ओळखताच येत नाहीत.

ओळखल्या तरी चुकीच्या ओळखतो, ही त्यातली गंमत. टाइपस्क्रिप्ट भाषेतल्या कोडच्या फाइलची शेपटी आहे ‘डॉट टीएस’. टीव्ही प्रसारणासाठी वापरल्या जाणाऱ्या एमपेग व्हिडिओ फाइलीचीही शेपटी ‘डॉट टीएस’च. मॅकच्या मते व्हिडिओचा हक्क आधीचा. त्यामुळे वेबसाइट बनवणाऱ्याने आपल्या कोडवर स्पेसबार दाबला की मॅक मुकाट्याने व्हिडिओ चालवायला बघतो. हा प्रकार सिस्टिमने स्वतःकडे राखून ठेवलेला असल्याने बाहेरच्या प्लगइनलाही तो सहजासहजी हिसकावून घेता येत नाही.

मग प्लगइनने काय साधले?

वेळ वाचला, हे सरळ उत्तर. पण तो कसा, हे पाहण्यासारखे आहे. समजा, सर्व्हरवरून आलेल्या तीस जेसन फाइलींपैकी एकीत चूक आहे आणि ती शोधायची आहे. एक्सकोड बसवलेल्या मॅकवर जेसन फाइलवर दोनदा क्लिक केले की बरेचदा ते अवजड सॉफ्टवेअर उघडू लागते. वाट पाहा, बघा, बंद करा, पुढची उघडा. प्लगइन असेल तर फाइलवर स्पेसबार आणि मग फक्त खालचा बाण दाबत जायचे. रंगीत, नीट ओळी पाडलेला मजकूर एकामागून एक समोरून सरकतो. तीस खिडक्या उघडाव्या लागत नाहीत आणि डोक्यातला विचारही तुटत नाही. प्रोग्रामरला दुसरी गोष्ट जास्त मोलाची वाटते.

म्हणून २००७ नंतरच्या दशकभरात या प्लगइनचे एक छोटे जग उभे राहिले. क्यूएलकलरकोड कोड रंगवून दाखवायचा, क्यूएलस्टीफन शेपटी नसलेल्या फाइली साध्या मजकुरासारख्या दाखवायचा, क्यूएलमार्कडाऊन मार्कडाऊनचे पान सजवून दाखवायचा. अशा प्लगइनची एक यादी गिटहबवर बरीच लोकप्रिय होती. नवीन मॅक घेतला की होमब्रूच्या एका आज्ञेत ही सगळी फौज बसवायची, हा अनेकांचा शिरस्ता होता. जवळपास सगळे फुकट होते. कुणीतरी स्वतःच्या सोयीसाठी एका सुट्टीत लिहून जगासाठी ठेवून दिलेले.

विंडोजवर हीच भूक पॉवरटॉइज भागवते. मायक्रोसॉफ्टने स्वतःच, खुल्या पद्धतीने बनवलेला हा साधनसंच आहे. तो बसवला की एक्स्प्लोररच्या चौकटीत मार्कडाऊन, एसव्हीजी चित्रे, थ्रीडी प्रिंटरच्या फाइली आणि कोड दिसू लागतो. २०२३ मध्ये त्यात ‘पीक’ ही सोय आली. ती म्हणजे मॅकच्या स्पेसबारची विंडोजमधली बहीण. काळ्या टर्मिनलमध्येच राहणाऱ्या लोकांनी आपली वेगळी वाट काढली आहे. एफझेडएफमध्ये फाइल शोधता शोधता बाजूला मजकूर दिसतो. यझीसारखे फाइल मॅनेजर टर्मिनलमध्येच फोटोसुद्धा दाखवतात आणि त्यांचीही प्लगइनची दुनिया आहे.

मराठीत काम करणाऱ्याला या सोयीची एक वेगळी परीक्षा माहीत असते. युनिकोड येण्यापूर्वीच्या एखाद्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेले पत्र तो फाँट नसलेल्या संगणकावर प्रीव्ह्यूमध्ये पाहिले, तर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची खिचडी दिसते. युनिकोडमधली मराठी सीएसव्ही फाइल एक्सेलमध्ये थेट उघडली तर बरेचदा हेच घडते, मात्र साध्या मजकुराच्या चांगल्या प्रीव्ह्यूमध्ये ती नीट वाचता येते. फाइल बिघडली की फक्त दाखवणारा चुकला, हे अशा वेळी प्रीव्ह्यूमुळे लगेच कळते.

धोका नेमका कुठे आहे?

फाइल वाचणाऱ्या प्रोग्राममध्ये चूक असेल तर मुद्दाम वाकडी तयार केलेली फाइल त्या चुकीचा फायदा घेऊन संगणकावर हवा तो कोड चालवू शकते. फाइल उघडण्याचा निर्णय माणूस घेतो तेव्हा निदान एक अडसर असतो, शंका आली तर तो थांबतो. प्रीव्ह्यूमध्ये हा अडसर नाही. फाइल निवडली, कधी कधी तर नुसते फोल्डर उघडले, की काम सुरू.

ही नुसती भीती नाही, इतिहास आहे. डिसेंबर २००५ मध्ये विंडोजच्या डब्ल्यूएमएफ या चित्रप्रकारात असे छिद्र सापडले की चित्र दाखवले गेले तरी पुरे. मायक्रोसॉफ्टला जानेवारी २००६ मध्ये ठरलेल्या दिवसाची वाट न पाहता दुरुस्ती द्यावी लागली. २०१० मध्ये उघड झालेला स्टक्सनेट तर याहून पुढचा. इराणच्या नतांझमधील युरेनियम समृद्धीकरणाच्या यंत्रांना लक्ष्य करणारा हा व्हायरस पेनड्राइव्हमधून पसरत असे. पेनड्राइव्हचे फोल्डर एक्स्प्लोररमध्ये उघडले की तिथल्या शॉर्टकट फाइलीचे चिन्ह दाखवण्यासाठी विंडोज तिचा मजकूर वाचे आणि तेवढ्यात लागण होई. क्लिक करायचीही गरज नव्हती. फाइलीचे चिन्ह दाखवणे हा प्रीव्ह्यूचा सर्वांत निरुपद्रवी वाटणारा प्रकार, आणि जगातल्या सर्वांत गाजलेल्या सायबर हल्ल्याने नेमका तोच वापरला.

लिनक्सवाल्यांनी यावर हसू नये. जुलै २०१७ मध्ये तिथल्या नोम डेस्कटॉपसाठीच्या एका छोट्या प्लगइनमधली चूक बाहेर आली. विंडोजच्या इन्स्टॉलर फाइलींचे चिन्ह लिनक्सवर नीट दिसावे एवढेच त्याचे काम. पण ते करताना तो फाइलीचे नाव एका लहान स्क्रिप्टमध्ये जसेच्या तसे घालत असे. परिणामी फाइलीच्या नावातच कोड लिहून ठेवला तर फोल्डर पाहताच तो चालू शकत होता. ‘बॅड टेस्ट’ नावाने ही चूक ओळखली गेली. ज्याचे अस्तित्वही वापरणाऱ्याला ठाऊक नसते असा शे-दोनशे ओळींचा प्लगइन काय करू शकतो, याचे याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण. नोमने नंतर अशा सहायकांना बंदिस्त खोलीत, म्हणजे सँडबॉक्समध्ये चालवायला सुरुवात केली.

मार्च २०२० मध्ये विंडोजच्या फाँट वाचणाऱ्या भागातील चुकीचा वापर हल्ल्यांत होत असल्याचे दिसले. दुरुस्ती तयार होईपर्यंत मायक्रोसॉफ्टने सुचवलेल्या तात्पुरत्या उपायांत प्रीव्ह्यूची चौकट बंद ठेवणे हा एक होता. मे २०२२ मधल्या ‘फोलिना’ प्रकरणात वर्डची फाइल आरटीएफ स्वरूपात असेल तर एक्स्प्लोररमध्ये तिचा प्रीव्ह्यू दिसणेच हल्ल्याला पुरेसे होते.

धोक्याची दुसरी बाजू कोड चालण्याची नाही, गुपित फुटण्याची आहे. जून २०१८ मध्ये वोइचेख रेगुला आणि पॅट्रिक वॉर्डल या सुरक्षा संशोधकांनी मॅकबद्दल एक गोष्ट दाखवून दिली. क्विक लुक पाहिलेल्या फाइलींच्या छोट्या प्रतिमा आणि त्यांचे पत्ते एका ठिकाणी साठवून ठेवतो. फाइल कुलूपबंद, एन्क्रिप्ट केलेल्या पेनड्राइव्हवर असली तरी तिची छोटी प्रतिमा मात्र मॅकच्या मुख्य डिस्कवर राहत होती. पेनड्राइव्ह काढून नेला तरी मागे खूण उरायची. पत्रकार, वकील किंवा मानवी हक्क कार्यकर्त्यासाठी ही बारीक गोष्ट नव्हे.

ऑक्टोबरमध्ये मायक्रोसॉफ्टने काय बदलले?

इथे आपण पासवर्डपर्यंत येतो. विंडोजमध्ये एनटीएलएम नावाची ओळख पटवण्याची जुनी पद्धत आजही जिवंत आहे. ऑफिसच्या नेटवर्कवरच्या एखाद्या फोल्डरकडे संगणक गेला की तो तुमच्या वतीने स्वतःच ओळख देतो. ही ओळख म्हणजे पासवर्ड नसतो, पासवर्डपासून बनवलेला एक सांकेतिक ठसा असतो. पण हा ठसा हल्लेखोराच्या हाती पडला तर पासवर्ड कमकुवत असल्यास तो घरी बसून फोडता येतो किंवा तोच ठसा लगोलग दुसऱ्या सर्व्हरला दाखवून तुमच्या नावाने आत शिरता येते.

आता समजा डाऊनलोड केलेल्या फाइलीत एक ओळ लपवली आहे, ‘हे चित्र अमुक सर्व्हरवरून आण’. आणि तो सर्व्हर हल्लेखोराचा आहे. प्रीव्ह्यू दाखवण्यासाठी विंडोज त्या सर्व्हरकडे जाते आणि ओळख देऊन मोकळी होते. तुमच्या समोर बहुधा एक निरुपद्रवी पान उभे असते.

याच जातीचा एक हल्ला मार्च २०२५ मध्ये प्रत्यक्षात दिसला होता. सीव्हीई-२०२५-२४०५४ या क्रमांकाच्या त्रुटीसाठी मायक्रोसॉफ्टने ११ मार्चला दुरुस्ती दिली. पुढच्या आठ-दहा दिवसांतच पोलंड आणि रोमानियातील सरकारी व खासगी संस्थांना लक्ष्य करणाऱ्या मोहिमेत तिचा वापर झाल्याचे चेक पॉइंट या सुरक्षा कंपनीने नोंदवले. तिथे खास प्रकारची फाइल निवडणे किंवा तिच्यावर उजवे क्लिक करणे एवढेही पुरेसे होते. दरवेळी एकेक भोक बुजवण्यापेक्षा, बाहेरून आलेल्या फाइलीचा प्रीव्ह्यूच दाखवायचा नाही, असा सरसकट निर्णय ऑक्टोबरमध्ये घेतला गेला, तो या पार्श्वभूमीवर.

फाइल बाहेरून आली हे विंडोजला कसे कळते? ब्राउझर किंवा मेलमधून फाइल उतरवली की तिच्या पाठीवर एक अदृश्य चिठ्ठी चिकटवली जाते. ‘मार्क ऑफ द वेब’ हे तिचे नाव. चिठ्ठी असेल तर प्रीव्ह्यू नाही. इंटरनेट झोनमध्ये मोडणाऱ्या नेटवर्क फोल्डरमधल्या फाइलींनाही हाच नियम. त्यामुळे काही ऑफिसांत आपल्याच सर्व्हरवरच्या फाइली अचानक ‘परक्या’ ठरल्या.

‘प्रीव्ह्यू नको, पण हवे तर उघडा’ हा सल्ला ऐकायला उलटा वाटतो. त्यामागे थोडे तर्कशास्त्र आहे. चिठ्ठी असलेली फाइल वर्ड किंवा एक्सेलमध्ये उघडली की ती आधी ‘प्रोटेक्टेड व्ह्यू’मध्ये, म्हणजे हातपाय बांधून उघडते. पिवळी पट्टी दिसते ती त्याचीच. शिवाय उघडणे हा माणसाने विचार करून घेतलेला निर्णय असतो. तरीही इशाऱ्याचे शब्द बरे निवडता आले असते. वीस वर्षे ‘अनोळखी फाइल उघडू नका’ ऐकलेल्या माणसाला आता संगणकच ‘उघडून पाहा’ म्हणतो आहे.

आणि अ‍ॅपलने?

अ‍ॅपलचा मार्ग वेगळा. त्यांनी प्रीव्ह्यू बंद केला नाही, प्रीव्ह्यू कोण दाखवू शकतो हे बदलले. जुने प्लगइन ‘जनरेटर’ पद्धतीचे होते. लायब्ररीतल्या ठरावीक फोल्डरमध्ये फाइल टाकली की झाले. क्विक लुक ती उचलून आपल्याच प्रक्रियेत चालवत असे. २०१९ च्या कॅटालिनापासून अ‍ॅपलने नवी पद्धत दिली. प्लगइन आता एखाद्या अ‍ॅपच्या पोटात एक्स्टेन्शन म्हणून राहते, सँडबॉक्समध्ये चालते आणि ज्या फाइलीचा प्रीव्ह्यू मागितला तेवढीच सहसा त्याला वाचता येते. जुनी पद्धत पाच वर्षे चालू ठेवून सिक्वोयात काढून टाकली.

तांत्रिकदृष्ट्या हा बदल बरोबर आहे आणि नोमचे उदाहरण पाहिल्यावर त्यावर वाद घालणे अवघड आहे. प्रश्न उरतो तो खर्चाचा आणि तो कोणावर पडला याचा. मॅकवर एखादे अ‍ॅप इशाऱ्याविना चालायचे तर बनवणाऱ्याची अधिकृत सही हवी आणि अ‍ॅपलकडून तपासणीचा शिक्का हवा. त्यासाठी डेव्हलपर सदस्यत्व लागते, वर्षाला ९९ डॉलर. आपल्याकडच्या हिशेबात आठ हजारांहून अधिक रुपये, दरवर्षी. ज्याने एका सुट्टीत फुकट प्लगइन लिहिला, त्याने तो नव्या पद्धतीने पुन्हा लिहायचा आणि वर हे पैसेही भरायचे. अनेकांनी ते केले नाही. त्यांना दोष देता येत नाही.

सही नसलेले अ‍ॅप चालवायला पूर्वी कंट्रोल दाबून क्लिक करण्याची पळवाट होती. सिक्वोयाने तीही काढली. आता सेटिंगमध्ये खोल जाऊन ‘तरीही उघडा’ म्हणावे लागते. होमब्रूनेही सही-शिक्का नसलेल्या अ‍ॅपना आपल्या अधिकृत यादीतून सप्टेंबर २०२६ मध्ये बाहेर काढायचे ठरवले आहे. म्हणजे हौशी माणसाने लिहिलेला प्लगइन दुसऱ्या हौशी माणसापर्यंत पोहोचण्याची वाट दोन्ही बाजूंनी अरुंद होते आहे.

सँडबॉक्समुळे काही कामेही अडतात. मार्कडाऊनच्या पानात शेजारच्या फोल्डरातले चित्र जोडलेले असेल तर फक्त ती एकच फाइल वाचण्याची मुभा असलेला प्लगइन ते चित्र कुठून आणणार? प्लगइन लिहिणाऱ्यांना त्यासाठी आडवळणे घ्यावी लागतात. जे एक्स्टेन्शन होऊन टिकले त्यांनी ती घेतली.

अ‍ॅपलचे खरे चुकले ते सांगण्यात. डेव्हलपरांना कागदोपत्री पाच वर्षांची सूचना होती, पण प्लगइन वापरणाऱ्याला एक ओळही दिसली नाही. सिक्वोया बसवल्यावर ‘तुमचे हे पाच प्लगइन यापुढे चालणार नाहीत’ एवढे सांगणे काही अवघड नव्हते. मायक्रोसॉफ्टचा इशारा ओबडधोबड असला तरी निदान काय झाले ते कळते. अ‍ॅपलने गप्प राहणे पसंत केले आणि लोक आपला मॅक बिघडला समजून फाइंडर पुन्हा पुन्हा चालू-बंद करत बसले.

तुमच्या संगणकावर काय करता येईल?

विंडोजवर एखाद्याच फाइलीचा प्रीव्ह्यू हवा असेल आणि ती कुठून आली हे पक्के माहीत असेल, तर फाइलीवर उजवे क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये जा आणि ‘अनब्लॉक’ वर खूण करा. पाठीवरची चिठ्ठी निघते. कधी कधी परिणाम दिसायला एकदा लॉग-आऊट करून परत यावे लागते. ऑफिसच्या सर्व्हरबाबत हा त्रास असेल तर त्याचा पत्ता इंटरनेट ऑप्शन्समध्ये ‘लोकल इन्ट्रानेट’ किंवा ‘ट्रस्टेड साइट्स’ मध्ये घालता येतो. पण तसे केले की त्या पत्त्यावरच्या सगळ्याच फाइलींना सूट मिळते, म्हणून हे काम आयटी विभागावर सोडलेले बरे. संपूर्ण डाऊनलोड फोल्डर एका आज्ञेत अनब्लॉक करण्याच्या युक्त्या समाजमाध्यमांवर फिरत राहतात. त्या चालतात. आणि नेमके ज्या फाइलींसाठी हा बंदोबस्त केला, त्यांनाच आत घेतात.

वेगळे प्रीव्ह्यू टूल बसवले असेल तर ते फाइल एक्स्प्लोररचा हा नियम पाळेलच असे गृहीत धरू नका. ते स्वतःच्या खिडकीत, स्वतःच्या पद्धतीने फाइल वाचते. अशा टूलला अपडेट कधी आले होते ते एकदा पाहावे. दोन-तीन वर्षे कुणी हात न लावलेला प्लगइन असेल तर तो काढून टाकावा, मग तो कितीही लाडका असो.

मॅकवर नवे प्लगइन अ‍ॅप म्हणून येते. ते अ‍ॅप्लिकेशन्स फोल्डरमध्ये टाकून एकदा तरी उघडावे लागते, नाहीतर सिस्टिमला त्याची खबरच लागत नाही. नंतर सेटिंगमध्ये ‘लॉगिन आयटम्स अँड एक्स्टेन्शन्स’ या भागात क्विक लुकसमोर कोणकोण आहे ते दिसते आणि तिथूनच चालू-बंद करता येते. लायब्ररीतल्या क्विक लुक फोल्डरमध्ये जुने जनरेटर अजून पडलेले असतील तर सिक्वोया किंवा त्यानंतरच्या आवृत्तीवर ती नुसती अडगळ आहे.

डेव्हलपरांसाठी एक वेगळी गोष्ट आहे आणि ती सोयीपेक्षा महत्त्वाची आहे. विंडोजची ती चिठ्ठी ब्राउझर आणि मेल चिकटवतात. गिटने खाली आणलेल्या कोडला ती लागत नाही. मॅकवरही क्वारंटाइन नावाची अशीच खूण असते, आणि गिट किंवा कर्लने आणलेल्या फाइलींवर ती नसते. झिप फाइल सेव्हनझिपने सोडवली तर आतल्या फाइलींवर चिठ्ठी पुढे नेण्याचा पर्याय त्यात २०२२ पासून आहे, पण तो मुळात बंद ठेवलेला असतो. म्हणजे ऑक्टोबरच्या बदलाने हिशेबनिसाच्या डाऊनलोड फोल्डरला कुलूप लागले. पण मुलाखतीच्या नावाखाली अनोळखी माणसाने ‘हा प्रोजेक्ट उतरवून चालवून दाखवा’ म्हणून पाठवलेले फोल्डर प्रोग्रामरने गिटने उतरवले, तर त्यातली प्रत्येक फाइल कुठल्याही इशाऱ्याविना प्रीव्ह्यूमध्ये दिसत राहील.

तिथे सध्या उपयोगी पडतो तो एडिटरचा स्वतःचा पहारा. व्हीएस कोडमध्ये २०२१ पासून नवे फोल्डर उघडताना ‘या फोल्डरच्या लेखकांवर तुमचा विश्वास आहे का’ असा प्रश्न येतो. घाईत बहुतेक जण ‘हो’ म्हणतात. ‘नाही’ म्हटले तरी कोड वाचता येतो, रंगही दिसतात, फक्त फोल्डरमधून आपोआप काही चालवणारी कामे आणि बरेचसे प्लगइन थांबतात. अनोळखी प्रोजेक्ट चाळून पाहायला तेवढे पुरते.